पाठ असलेले अल्बम

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्याला सगळे फोरमनच म्हणत. वर्तमानपत्राच्या छापखान्यात त्याची हयात गेली होती. तिथली मोठी यंत्रं सुरू झाली की पायाखालची जमीन थरथरायची आणि माणसं एकमेकांशी खुणांनी बोलायची. कानात घालायला रबरी बोळे मिळायचे. ते घातले तर यंत्र कुठे बिघडतंय ते कळत नाही, असं म्हणून फोरमन ते खिशातच ठेवायचा. पन्नाशीच्या आत त्याचा डावा कान गेला. उजवा मागून निघाला, पण त्याला घाई नव्हती.

दिवसभर यंत्रं आणि घरी आलं की स्पीकर. कानांना सुट्टी अशी नव्हतीच. पुढच्या खोलीची एक अख्खी भिंत अल्बमनी भरलेली होती, सगळ्या काळ्या तबकड्या, कव्हरला प्लास्टिकची पिशवी घातलेल्या. तिथे फडताळाला हात लावायची परवानगी दोघांनाच होती, एक तो स्वतः आणि दुसरा त्याचा मेहुणा.

मेहुण्याचं चष्म्यांचं दुकान होतं. बायकोचा धाकटा भाऊ म्हणून तो पहिल्यांदा घरी आला आणि अल्बमपायी येतच राहिला. दर वर्षी एका रविवारी दोघं आपापले जगातले सर्वोत्तम दहा अल्बम ठरवायचे. नियम एकच होता: नवा आत घ्यायचा तर जुना बाहेर काढायचा. दुपार त्यातच जायची. चहा गार व्हायचा, आवाज चढायचे, आणि शेवटी मेहुणा म्हणायचा, "भावजी, तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही." पुढच्या वर्षी तो पुन्हा हजर.

बायको त्याच खोलीत खिडकीपाशी शिलाई मशीनवर पडदे शिवायची. तिला वादकांची नावं ठाऊक नव्हती आणि करूनही घ्यायची नव्हती. तिने अल्बमना स्वतःची नावं ठेवली होती. चाळीस वादकांचा जो मोठा वाद्यवृंद होता, जो फोरमनच्या यादीत कायम पहिला असे, त्याला ती 'भिंत' म्हणायची. ट्रंपेटच्या एका अल्बमला 'पत्रा'. भरल्या सभागृहात ध्वनिमुद्रित केलेल्या एका पियानोच्या अल्बमवर दुसऱ्या तुकड्याच्या शेवटी कुणीतरी श्रोता खोकतो, म्हणून तो 'खोकला'. फोरमनला आधी राग यायचा. नंतर तोही 'खोकला लाव' म्हणू लागला.

कानातलं मशीन बदलून बदलून तीनदा झालं. शेवटी शेवटी वरचे सूर येईनासे झाले. व्हायोलिन आहे हे त्याला व्हायोलिन कुठे असायला हवं त्यावरून कळायचं. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. फोनवर तो 'हो, हो, बरोबर' एवढंच बोलू लागला, आणि मुलगी दुसऱ्या शहरातून फोन करायची तिच्या लक्षात आलं, की बाबा नको तिथेही हो म्हणतो. तिने रजा काढून त्याला मोठ्या इस्पितळात नेलं.

डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. कानाच्या आतल्या शंखात एक बारीक तार सरकवायची, वर कातडीखाली एक चकती, आणि बाहेरून चुंबकाने डोक्याला चिकटणारं यंत्र. डावा कान फार वर्षं बंद होता, त्याच्या नसेला ऐकायची सवय उरली नव्हती, म्हणून उजव्यात करायचं ठरलं. उजव्यात जे काही थोडंफार ऐकू येत होतं ते त्यात बहुधा जाणार होतं. पुढे जे ऐकू येईल ते तारेतून येईल, आणि ते वेगळं असेल.

"गाणीबिणी?" फोरमनने विचारलं.

डॉक्टरांनी त्याला श्रवणतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. तरुण होत्या, ठळक आणि सावकाश बोलायच्या, आणि बोलताना तोंडावर हात येऊ द्यायच्या नाहीत. घरी त्यांचं नाव लगेच 'कानवाली' पडलं. त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. बोलणं लवकर सुधारतं, संगीत अवघड जातं, काहींना जमतं, काहींना नाही. पण एक गोष्ट आत्ताच करता येईल. थोडे अल्बम निवडायचे, आठ-दहा. ऑपरेशनपर्यंत तेच ऐकायचे आणि नंतर सरावालाही तेच घ्यायचे. मेंदूला पुढे काय येणार हे माहीत असलं की अर्धवट आवाजातूनही तो वाट काढतो.

"तुम्हाला जे अगदी पाठ आहेत ते घ्या, काका," त्या म्हणाल्या.

परतताना बसमध्ये फोरमन खूश दिसत होता. बायकोने कारण विचारलं. तो म्हणाला की यादी तर तयारच आहे, वर्षानुवर्षं घासूनपुसून ठेवलेली.

पाठ आहे की नाही हे तपासायची रीत कानवालीनेच सांगितली होती. अल्बम लावायचा, मध्येच आवाज पूर्ण बंद करायचा, पण तबकडी फिरू द्यायची. आपण मनात पुढे चालत राहायचं. थोड्या वेळाने आवाज उघडायचा आणि बघायचं, आपण आणि तबकडी एकाच जागी आहोत का.

आवाजाचं बटण बायकोच्या हाती दिलं. फोरमन स्पीकरला जवळजवळ टेकून बसला, डोळे मिटले आणि बोटाने गुडघ्यावर ताल धरला. सुरुवात अर्थातच भिंतीपासून. पहिली पाच मिनिटं झाली, तिने आवाज बंद केला. बोट चालू होतं. काही वेळाने तिने बटण फिरवलं, तर तिथे ढोल वाजत होते आणि फोरमन अजून व्हायोलिनपाशी होता.

पुन्हा केलं. या वेळी तो पुढे निघून गेला होता.

मग पत्रा. मग तो निळ्या कव्हरचा, ज्याच्यावर त्याने एकदा वाचनालयात अर्धा तास भाषण दिलं होतं. मग इतर. संध्याकाळपर्यंत दहाच्या दहा झाले. खोकला तेवढा नेमका जमला. बाकी नऊ जागी तो वाट चुकला. कुठल्या वर्षी ध्वनिमुद्रण झालं, कुठल्या खोलीत, ड्रमवाला कुणाशी भांडून निघून गेला, हे सगळं त्याला माहीत होतं. पुढचा सूर माहीत नव्हता.

"बटण नीट फिरवत नाहीस तू," तो म्हणाला.

 बायको मशीनपाशी जाऊन दोरा ओवू लागली. मग त्याला दिसेल असं तोंड वळवून म्हणाली, "कानवाली काय म्हणाली होती? आवडतात ते आण, की पाठ आहेत ते?"

"एकच ना ते."

"मग आत्ता काय झालं?"

 फोरमनने सगळे अल्बम पिशव्यांत घालून जागच्या जागी ठेवले. त्या दिवशी तो लवकर झोपला.

दुसऱ्या दिवशी बायकोनेच एक तबकडी काढली. 'रडकी'. एक बाई, एक गिटार, आणि सोडून गेलेल्या पुरुषांवरची अकरा गाणी. घरातला सर्वांत जुना अल्बम तो. रविवारी सकाळी बायको तो लावायची आणि फोरमन वर्तमानपत्रात डोकं घालून बसायचा. मुद्दाम ऐकायला असा तो कधी बसला नव्हता. तिने मध्येच आवाज बंद केला. पार दुसऱ्या गाण्यात गेल्यावर उघडला. त्याचं बोट आणि बाईचा शब्द एकाच क्षणाला पडले. ओळीच्या आधी ती जो श्वास घेते तोसुद्धा त्याने घेतला होता.

तो चिडून म्हणाला, "अजून एकदा."

पुन्हा तेच झालं.

मग मुलीच्या लहानपणचा 'गाढव' काढला. त्यात एक गाढव गायला शिकतं आणि शेवटी सगळ्या गावाला पळवून लावतं. कव्हर केव्हाच फाटलं होतं, चिकटपट्टीवर उभं होतं. मुलगी जेवायला नाटकं करायची तेव्हा तो रोज दोनदा लागायचा. तोही पाठ निघाला, गाढवाच्या ओरडण्यासकट.

तिसरा अल्बम त्याला स्वतःलाच सुचला आणि तो सांगायला त्याची जीभ रेटेना. छापखान्याच्या कॅन्टीनमध्ये एका वर्षी टेपरेकॉर्डरचं झाकण अडकून बसलं होतं आणि आतली कॅसेट निघत नव्हती. एकसारखे पिवळे शर्ट घातलेल्या पाच पोरांचा बँड, तीन सूर आणि टाळ्या. टेप दुरुस्त होईपर्यंत सगळ्या पाळ्यांनी तेच ऐकत जेवण केलं. फोरमनने त्याबद्दल व्यवस्थापनाकडे लेखी तक्रार केली होती. आता त्याने डोळे मिटले आणि कुठलाही अल्बम न लावता पहिल्या गाण्यापासून शेवटच्या टाळीपर्यंत बोट चालवत गेला. एकदाही अडखळला नाही.

तो अल्बम घरात असायचा प्रश्नच नव्हता. म्हणून फोरमन जुन्या रेकॉर्डच्या दुकानात गेला. दुकानदार त्याला ओळखत होता, मान देत होता, नवा माल आला की आधी त्याच्यासाठी बाजूला काढत होता. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. फोरमन गल्ल्यापाशी वाकला आणि हळू आवाजात अल्बमचं नाव सांगितलं. त्याला हळू वाटला तो आवाज. सगळ्या दुकानाने वळून पाहिलं.

"तुम्हाला हवाय?" दुकानदाराने विचारलं.

"एका नातेवाइकासाठी," फोरमन म्हणाला, तितक्याच हळू.

दुकानदाराने तळाच्या खोक्यातून तो काढून दिला आणि पैसे घेतले नाहीत. म्हणाला, तो कुणी घेत नाही, खोकं अडतं.

रविवारी मेहुणा आला. ऑपरेशनचं कळल्यापासून तो दोनदा येऊन धीर देऊन गेला होता. या वेळी त्याने स्वतः निवडलेले दहा अल्बम आणले होते, भावजींनी शेवटचं काही ऐकायचं तर असं ऐकावं म्हणून. टेबलावर त्याला रडकी, गाढव आणि पिवळ्या शर्टांची पाच पोरं दिसली. तो उभाच राहिला. बायकोने त्याला सगळं समजावून सांगितलं, बटणाची रीत दाखवली. मेहुणा म्हणाला की ही असली परीक्षा शाळेत घेतात, संगीताची घेत नाहीत. तरी आपल्या यादीतला पहिला अल्बम लावून त्याने स्वतः करून पाहिलं. आवाज उघडला तेव्हा तो इतका मागे होता, की ती बाजू संपून सुई मधल्या लेबलपाशी खरखरत होती.

"तुमचं बटण खराब आहे," तो म्हणाला. आणि जाताना दारात बहिणीला सांगून गेला, "ताई, ही यादी बाहेर कुणाला दाखवू नका."

एकंदर सहा अल्बम निघाले. खोकला, रडकी, गाढव, कॅन्टीन, फोरमनचा भाऊ माउथ ऑर्गनवर वाजवायचा त्या धुनांचा एक, आणि एक नाविकांच्या सामूहिक गाण्यांचा, जो दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात लागायचा म्हणून मुलीच्या गोवरापासून लक्षात राहिलेला. सहांपैकी एकच त्याच्या कुठल्याही वर्षाच्या दहांत आलेला होता. ऑपरेशनपर्यंत तो तेवढेच ऐकत राहिला. तक्रार केली नाही. फक्त फडताळाकडे पाठ करून बसायचा.

खोकला ऐकून मगच इस्पितळात जायचं असं त्याने ठरवलं होतं, पण गाडी लवकर आली. त्या कानाने ऐकलेली शेवटची गोष्ट भूल देणाऱ्या डॉक्टरांचा प्रश्न ठरली. कवळी आहे का, असं त्यांनी विचारलं होतं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. जखम भरेपर्यंत बाहेरचं यंत्र लावायचं नसतं, म्हणून महिनाभर काहीच ऐकू येणार नव्हतं. असा सन्नाटा फोरमनने कधी अनुभवला नव्हता. नळ चालू राहायचा, दूध उतू जायचं, बायको मागून येऊन उभी राहायची आणि तो दचकायचा. बोलणं त्याचं चालू होतं, ऐकायला मात्र वाचावं लागायचं. पडद्यांचं माप घ्यायचा तपकिरी कागद घरात भरपूर होता. बायको त्यावर शिवणाच्या खडूने लिहायची.

डोक्यात मात्र अल्बम वाजत होते. भिंत लावायचा त्याने प्रयत्न केला, ती सुरू होऊन विरून जायची. रडकी न बोलावता यायची. सकाळी दाढी करताना यायची, जिना उतरताना यायची. एका दुपारी तो खिडकीत बसला होता आणि पाय हलत होता. बायकोने मशीन थांबवलं. मशीन थांबलं हे त्याला जमिनीतून कळलं.

तिने कागदावर लिहिलं: काय ऐकतोयस?

"रडकी," तो म्हणाला. "तुझी."

 तिने खाली लिहिलं: माझी कसली? मला ती कधीच आवडली नाही.

फोरमनने ते दोनदा वाचलं. "मग दर रविवारी का लावायचीस?"

आता कागद पुरेना. तिने दुसरा ओढला आणि भराभर लिहीत गेली. लग्नानंतर ते एका भाड्याच्या खोलीत राहत होते. पहिल्याच महिन्यात त्याने ती तबकडी आणली होती. पहिल्यांदा लावली तेव्हा तो शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही. एरवी सतत बडबडणारा माणूस. तिला वाटलं, याला ही फार लागते. पुढे छापखान्यातून थकून आलेला असला, रविवारी घुम्यासारखा बसला, की तिने ती लावायची. तो गप्पच बसायचा. म्हणजे बरं वाटत असणार.

"मी ती तुझ्यासाठी आणली होती," फोरमन म्हणाला. "दुकानदार म्हणाला, बायकांना आवडते. मला पहिल्या गाण्यालाच कंटाळा आला. तुला आवडली असेल म्हणून बोललो नाही."

तिने खडू खाली ठेवला. हसली का रागावली ते त्याला लगेच कळलं नाही, कारण तिने तोंड फिरवलं होतं आणि खांदे हलत होते. वळली तेव्हा डोळे पुसत होती. पुन्हा खडू घेऊन तिने मोठ्या अक्षरात लिहिलं: फेकू?

"आता नको," तो म्हणाला. "आता ती मला लागणार आहे."

महिना उलटल्यावर कानवालीने यंत्र लावलं. आधी नुसते टिकटिक आवाज आले, प्रत्येक ऐकू आला की त्याने बोट वर करायचं. मग त्यांनी सगळं एकदम चालू केलं. पत्र्याच्या डब्यात कुणीतरी खिळे हलवतंय असं काहीतरी आलं आणि ते म्हणजे त्यांचं बोलणं होतं. बायकोकडे बोट करून त्या म्हणाल्या, तुम्ही बोला काहीतरी.

बायकोने विचारलं, "येतंय का ऐकू?"

फोरमनला बदकाच्या पिल्लाने विचारल्यासारखं ऐकू आलं आणि तो हसत सुटला. बायकोला ते आवडलं नाही. इतके दिवस आपण काय बोलायचं याचा तिने विचार केला होता आणि ऐनवेळी भलतंच तोंडातून गेलं होतं.

आधी बोलण्याचा सराव करा, संगीताची घाई करू नका, असं बजावून त्यांना घरी पाठवलं होतं. फोरमनने कोट काढायच्या आधी भिंत लावली. वाळूखडीचा ट्रक दारात रिकामा होतोय आणि होतच राहतोय, असं ते वाजलं. त्याने एक बाजू संपेपर्यंत ऐकलं. मग तबकडी पिशवीत घातली, आत गेला आणि मोरीतली भांडी घासून टाकली. बायको आत आली नाही.

नंतरचे महिने सरळ गेले. रोज सकाळी अर्धा तास सराव. सगळ्यांत आधी कॅन्टीन जमलं. सूर नव्हतेच, पण ताल आणि टाळ्या स्पष्ट येत होत्या, आणि कुठली ओळ चालू आहे ते त्याला बोटावर मोजता येत होतं. पडद्यांची मापं द्यायला येणाऱ्या बायका तो अल्बम रोज ऐकून शिवणकाम करणारीच्या आवडीबद्दल काय समजल्या असतील ते त्यांनाच ठाऊक. त्यातली एक जाताना टाळ्या वाजवत गेली. गाढवातले शब्द त्यामागून आले. रडकीची गिटार डबा बडवल्यासारखी, पण बाईचा श्वास आला, मग शब्द आले. आवाज बाईचा आहे एवढं कळायला आणखी काही आठवडे गेले.

पियानो मात्र येईना. कुणीतरी चमचे खाली टाकतंय असाच वाजायचा. आणि एका दुपारी, चमच्यांच्या त्या पावसात, एक माणूस खोकला. स्पष्ट, कोरडा, माणसाचा खोकला. फोरमनने जागेवरूनच बायकोला हाक मारली. ती हातातलं काम टाकून आतून आली.

"खोकला ऐकू आला," तो म्हणाला.

"आणि पियानो?"

"पियानो नाही. पण तो माणूस आला."

खोकल्यानंतर चार सूर असतात आणि मग टाळ्या, हे त्याला माहीत होतं. पुढच्या आठवड्यात ते चार सूर सापडले. चमचे होते ते, पण चार होते, आणि शेवटचा आधीच्यापेक्षा खाली होता. कानवालीला त्याने विचारलं, की हे मी ऐकतोय की आठवतोय. त्या म्हणाल्या, दोन्ही, आणि त्यात काही चुकीचं नाही. फोरमनचं त्याने समाधान झालं नाही. यंत्रावर हात ठेवून बिघाड सांगणारा माणूस तो. कुठलं खरं आणि कुठलं भरलेलं, हे त्याला वेगळं करून हवं होतं.

यादीचा रविवार जवळ आला तसा मेहुणा टाळाटाळ करू लागला. आधी दुकानात गर्दी, मग पाठदुखी. शेवटी बहिणीने बोलावलं म्हणून आला. फोरमनने आपले दहा सांगितले. सहा पाठ असलेले आणि चार जुन्यांतले. मेहुणा ऐकून घेत होता, मान हलवत होता. गाढव चौथ्या क्रमांकावर आलं तेव्हाही त्याने मान हलवली.

"छान आहे, भावजी," तो म्हणाला.

"छान?"

"म्हणजे तुमच्या दृष्टीने योग्यच आहे."

फोरमनने त्याच्याकडे नीट पाहिलं. गेल्या तीस वर्षांत या माणसाने त्याच्या एकाही यादीला छान म्हटलं नव्हतं. ट्रंपेटचा अल्बम दोनाऐवजी तीनवर ठेवला म्हणून याच खोलीत त्याने कप आपटला होता. आता तो समोर सुतक्यासारखा बसला होता आणि प्रत्येक वाक्य सावकाश, ठळक बोलत होता.

"भांड की," फोरमन म्हणाला.

"कशाला उगाच."

"मी बहिरा झालो म्हणून तू सभ्य झालास होय? त्यापेक्षा येऊ नकोस."

मेहुणा आणखीनच सभ्य झाला. चहा पिऊन तो निघून गेला. त्यानंतर फोरमनने दोन दिवस एकही अल्बम लावला नाही, सराव चुकवला, आणि बायको काही बोलली की यंत्र काढून टेबलावर ठेवायचा. तिने तिसऱ्या दिवशी मुलीला फोन केला.

मुलगी रस्त्यांची मोजणी करायची, कामानिमित्त कुठे कुठे फिरायची. ती आली ती एक नवा अल्बम घेऊन. बंदराजवळच्या एका छोट्या दुकानात कव्हर आवडलं म्हणून घेतला होता. कव्हरवर फक्त एक उलटी टांगलेली छत्री. आत काय आहे ते तिने ऐकलं नव्हतं. वाजवणाऱ्यांची नावं घरात कुणी ऐकलेली नव्हती.

फोरमनला तो लावायचा उत्साह नव्हता. माहीत असलेलं कळत नाही तर हे काय कळणार, असं तो म्हणाला. मुलीने त्याचं न ऐकता लावला. लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज आला, मग दुसरा, जरा जाडसर. मग चामड्यावर हात. त्यांची एकमेकांत काहीतरी चढाओढ चालली होती. फोरमन पेपर वाचत होता, त्याने पान उलटलं नाही. पहिली बाजू संपल्यावर तो उठला आणि स्वतः तबकडी पालथी केली.

जेवताना तो नेहमीपेक्षा जास्त बोलला. त्याचं म्हणणं असं, की बाकी सगळे अल्बम त्याला आधी कसे होते ते ठाऊक आहे, म्हणून आता ते मोडके वाटतात. हा आधी कसा होता ते ठाऊकच नाही. हा असाच आहे. मुलीने विचारलं की आवडला का. तो म्हणाला, सांगता येत नाही, दुसऱ्या बाजूला मध्ये एक जागा आहे तिथे ते तिघं एकदम थांबतात आणि पुन्हा सुरू होताना एक जण उशीर करतो. मुद्दाम करतो. ते पुन्हा ऐकायला हवं.

मुलगी राहिली होती तो आठवडाभर त्याने ते पुन्हा पुन्हा ऐकलं. मग मेहुण्याला स्वतः फोन केला. फोनवरचं बोलणं अजून नीट कळत नव्हतं, म्हणून 'लगेच ये' एवढंच आपलं सांगितलं आणि समोरचा काय म्हणतो ते न ऐकता ठेवून दिला. मेहुणा घाबरून अर्ध्या तासात आला. फोरमनने त्याला खुर्चीत बसवलं आणि छत्रीचा अल्बम लावला.

मेहुणा दोन्ही बाजू सभ्यपणे ऐकत बसला. संपल्यावर म्हणाला, "बरा आहे."

"बरा? यंदाच्या दहांत आहे हा. सहावा."

"सहावा?" मेहुण्याने खुर्ची पुढे ओढली. "भावजी, यात आहे काय? तेच तेच वाजवतात. आणि ती बासरी बेसूर आहे."

"बासरी कुठे आहे यात?"

"पहिल्यापासून आहे की."

फोरमनने मुलीकडे पाहिलं. तिने मान डोलावली, बासरी होती. त्याने यंत्र चाचपलं, पुन्हा तबकडी लावली आणि स्पीकरपाशी वाकला. लाकूड होतं, चामडं होतं, मागे कुठेतरी वाऱ्यासारखं काहीतरी सळसळत होतं. ती सळसळ त्याने इतके दिवस तबकडीची समजून सोडून दिली होती.

"ती असेल तर असू दे," तो सरळ होत म्हणाला. "बासरीसाठी कोण ऐकतंय? तो उशीर करतो ते ऐकलंस का तू?"

"कोण उशीर करतो? तो चुकलाय तिथे."

"चुकला? मुद्दाम केलंय ते. दर वेळी तेवढाच उशीर."

"एकदाच आहे ते, भावजी. तबकडी तीच आहे, म्हणून दर वेळी तेवढाच."

मुलीने तोंडावर हात धरला. फोरमनचा आवाज चढला, मेहुण्याचाही चढला. मेहुणा म्हणाला की गाढवाबद्दल मी त्या दिवशी गप्प बसलो, पण आता सांगतो, जगात कुठल्याही शहाण्या माणसाच्या यादीत गाढव येत नाही. फोरमन म्हणाला की ज्याला स्वतःचा पहिला अल्बम पाच मिनिटं मनात चालवता येत नाही त्याने बोलू नये. मेहुणा म्हणाला, ते बटण खराब होतं. बटण कुठल्या वर्षी बसवलं इथवर ते दोघं मागे गेले.

बायकोने चहा आणून ठेवला, त्याकडे दोघांनीही पाहिलं नाही. तिने कपांवर बश्या झाकल्या आणि मशीनवर जाऊन राहिलेली शिवण घालायला बसली. मशीनचा आवाज फोरमनला त्रासदायक वाटायचा, तारेतून तो फार मोठा यायचा, म्हणून इतके दिवस ती त्याच्यासमोर शिवत नव्हती. त्या दिवशी तिने पडद्याची अख्खी एक बाजू पुरी केली आणि त्याला ते कळलंही नाही.

मेहुणा अंधार पडल्यावर गेला, तणतणत. पुढचा पंधरवडा तो फिरकला नाही. मग एका रविवारी दुपारी काखेत अल्बम घेऊन दारात उभा राहिला, आणि आत यायच्या आधी म्हणाला, खरी बासरी कशी असते ते आधी ऐका, मग बोला.